वीतभर आत

धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर शिवणमावशीने मान वर केली. वर नुसतं आभाळ होतं.

ती तिथेच थबकली. मागून उतरणाऱ्या चारपाच जणांची वाट अडली, बोटीवरच्या माणसाने "चला, चला" केलं, लेकीने कोपराला धरून तिला बाजूला ओढलं, तरी मावशीची मान खाली येईना. किनाऱ्यालगतचा फरसबंद रस्ता समोर लांबच लांब गेला होता. एका बाजूला बंद दुकानांची भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी खांबांची रांग आणि खांबांपलीकडे समुद्र. भिंतीतले हूक जागेवर होते, खांबही होते. मधली कापडी छतं मात्र नव्हती. चाळीसपैकी एकही नाही. सगळ्या रस्त्यावर ऊन पडलं होतं आणि एक मांजर त्यात खुशाल लोळत होतं.

"मी म्हटलं होतं ना आई," लेक म्हणाली. "हंगाम संपला की सगळं काढून ठेवतात."

"ते तू मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं काढलेलं कापड माझ्याच दारात येऊन पडतंय. यंदा आलं नाही. आलं नाही, म्हणजे वर असायला पाहिजे."

मावशीचा हिशेब तसा बिनचूक होता. हंगाम संपला की बेटावरची चाळीसच्या चाळीस छतं गाठोडी होऊन बोटीने यायची आणि तिच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचली जायची. मग चार महिने मावशी आणि तिचं जुनं मशीन. कुठे ठिगळ, कुठे रफू, कुठे निघालेली पितळी कडी पुन्हा बसव. हंगाम सुरू झाला तरी सुटका नसे. वाऱ्याने फाटलेलं छत संध्याकाळच्या बोटीने यायचं आणि सकाळच्या बोटीने परत जायचं. त्यामुळे सगळी दुनिया जिथे सुट्टीला जाते, ते सव्वा तासावरचं बेट मावशीने जन्मात पाहिलं नव्हतं. गल्लीतल्या बायका जाऊन यायच्या, शंखशिंपले दाखवायच्या, फोटो दाखवायच्या. मावशी सगळं बघून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "सावली कशी होती?"

बायका एकमेकींकडे बघायच्या. "सावलीकडे कोण बघतं, मावशी? सावलीत बसतात."

हे उत्तर मावशीला कधी पटलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी बेटाच्या ऑफिसचं पत्र आलं. पुढच्या हंगामापासून तयार छतं कारखान्यातून येणार होती. एकतीस वर्षांच्या कामाबद्दल आभार मानले होते, खाली शिक्का होता. मावशीने ते लेकीकडून दोनदा वाचून घेतलं, घडी घातली आणि मशीनच्या खणात सुयांच्या पाकिटाखाली ठेवून दिलं. रडणं नाही, कुरकुर नाही. आठ दिवसांनी जेवता जेवता एवढंच म्हणाली, "नवी लागायच्या आत मला एकदा माझी बघायचीत. वर लागलेली."

लेक दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिने दोन दिवसांची रजा टाकली, बोटीची तिकिटं काढली, बेटावर उघडी असलेली एकमेव खानावळ फोनवर शोधून खोली ठरवली. आईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. ते पुरं करायचं, इतकंच तिच्या मनात होतं. मात्र बोटीत बसल्यापासून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कारण बोटीत त्या दोघींशिवाय सगळे मिळून पाच उतारू, आणि त्या पाचांनाही मावशीने सांगून टाकलं होतं की बेटावरची सावली तिची आहे.

"म्हणजे जागा तुमची?" एका टकल्या गृहस्थांनी विचारलं होतं.

"जागा कशाला माझी असेल? सावली माझी."

गृहस्थ जरा सरकून बसले होते. "मी आपला शांततेसाठी चाललोय. डॉक्टरांनी सांगितलंय. या दिवसांत तिथं कोणी नसतं म्हणे."

"या हो. डोक्याला ऊन लागलं तर बसा माझ्या सावलीत."

लेकीने तेव्हापासून धक्का येईपर्यंत समुद्राकडे तोंड करून ठेवलं होतं.

आता तेच गृहस्थ डोक्यावर वर्तमानपत्र धरून त्यांच्याजवळून गेले. त्यांनी वर उघड्या आभाळाकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं, आणि भला माणूस म्हणून काही न बोलता पुढे गेले. मावशीला ते न बोलणंच जास्त लागलं.

"चल," ती लेकीला म्हणाली. "खांब तरी बघू."

रस्त्याने दोघी चालू लागल्या. दुकानांच्या फळ्या लावलेल्या होत्या, खुर्च्या उलट्या करून साखळीने बांधलेल्या होत्या, आइस्क्रीमच्या गाडीवर गोणपाट घातलं होतं. हंगामात इथे मुंगीला शिरायला जागा नसते म्हणत. आज दोघींच्या चपलांचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. मावशी एकेक हूक बघत होती, खांबावर हात फिरवत होती. प्रत्येक खांबाशी समुद्राकडे तोंड केलेलं एक लाकडी बाक होतं. दहाव्या-बाराव्या खांबाशी ती थांबली आणि खाली बघू लागली.

"काय गं? पाय दुखतायत?"

"हे बघ."

खांबाच्या बाहेरच्या बाजूला, फरशीच्या दगडात, सिमेंटने बुजवलेला एक गोल होता. बशीएवढा. दगडाहून थोडा फिका. लेकीला त्यात बघण्यासारखं काही दिसलं नाही.

"दुरुस्ती केली असेल काहीतरी."

"मागच्या खांबाशी पण होता. त्याच्या मागच्याशी पण." मावशी पुढच्या खांबापर्यंत गेली, तिथून तिने हाक मारली. "इथं पण आहे. आणि सगळे सारख्याच अंतरावर."

कपडा आत घेतला की जुन्या टाक्यांची भोकं कापडावर राहतात. कितीही इस्त्री फिरवा, जाणत्या डोळ्याला ती दिसतातच. मावशीचे डोळे चाळीस वर्षं तेच बघत आले होते. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुणीतरी आत घेतलंय हे," ती म्हणाली. "सगळे खांब आत घेतलेत."

मग तिने पिशवीत हात घातला आणि दोरी काढली.

ही दोरी आणण्यावरून निघताना घरात वाद झाला होता. एकतीस वर्षांपूर्वी बेटावरून पहिलं काम आलं तेव्हा कागदाबिगदावर माप आलं नव्हतं. बोटवाल्याच्या हाती ही सुती दोरी आली होती, दोन टोकांना दोन गाठी मारलेली. या गाठीपासून त्या गाठीपर्यंत, म्हणजे भिंतीपासून खांबापर्यंत, एवढं छत. मावशीने त्या मापाने पहिलं छत बेतलं आणि पुढची सगळी त्या पहिल्यावर ठेवून कापली. दोरी मात्र मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगलेली राहिली. "दोरी कशाला न्यायची?" असं लेकीने विचारलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "तिचं माहेर आहे ते. तिलाही जाऊन येऊ दे."

"जा, ती गाठ भिंतीच्या हुकाशी धर," मावशीने फर्मावलं.

लेकीने धरली. मावशी दोरी ताणत खांबाकडे आली, खांबापाशी थांबायला हवी होती, पण दोरी शिल्लक होती. ती आणखी मागे सरकली. दुसरी गाठ खांबाच्या पलीकडे, बुजवलेल्या गोलाच्या बरोबर मध्यावर येऊन टेकली. मावशीने वीत ताणून खांब ते गोल मोजलं. एक वीत. पुरती एक वीत.

मग तिने सगळीच दोरी विती टाकत मोजली. अठरा. पुन्हा मोजली. अठरा. तिचं छत सतरा वितींचं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सतरा सांगितलं असतं.

"ताई, तिथं काय मोजताय?"

भिंतीतल्या एका कोठीच्या दारातून एक माणूस बाहेर आला होता. हातात रंगाचा ब्रश, कानावरचे केस पांढरे, पँटवर एकतीस नसले तरी दहाएक वर्षांचे रंग. तो बेटाचा राखणदार होता. हंगामात छतं लावणं, उतरवणं, खांब, बाकं, दिवे, सगळं त्याच्याकडे. हंगाम नसला की बेट जवळजवळ त्याचंच. तो जवळ आला, मावशीच्या हातातल्या दोरीकडे त्याची नजर गेली आणि ब्रश तसाच हातात राहिला.

"ही गाठ माझी आहे," तो म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "फाटलं तिथं लाल दोरा बांधून पाठवता, ते तुम्हीच का?"

"मीच. म्हणजे तुम्ही..."

"एवढ्या घट्ट गाठी मारतात होय? दातानं सोडवाव्या लागायच्या मला. आता दात गेले, तर कात्रीनं."

राखणदार हसला. ब्रश खाली ठेवून त्याने हात पँटला पुसले आणि नमस्कार केला. एकतीस वर्षं दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, पण एक फाटलं कुठे ते दाखवायचा आणि एक ते शिवायची, इतकी त्यांची जुनी ओळख होती. मावशीनेही हात जोडले. पण तिचं लक्ष ओळखीपाळखीत नव्हतं.

"हे खांब कुणी हलवले?"

राखणदाराने लेकीकडे पाहिलं, जणू ती आपल्याला सोडवेल.

"जाऊ द्या ना, ताई. फार जुनी गोष्ट आहे."

"दोरी अठरा वितींची, माझं कापड सतरा. मी दोरीच्या मापानंच शिवलं होतं. सांगा."

"दोरी तुमच्याकडे आली तेव्हा कशी होती, आठवतंय?"

मावशीने आठवून पाहिलं. बोटवाला दारात उभा, पायाशी पाण्याचं थारोळं, समुद्र कसा खवळलाय ते सांगणारा. हंगामाला दिवस थोडे. तिने दोरी त्याच्या हातातून घेतली, जमिनीवर ताणली आणि दिवे लागायच्या आत पहिलं छत कापलंही.

"ओली," ती म्हणाली. आणि मग हळूहळू खाली बसली, बाकावर.

ओली सुती दोरी आखडते. वाळली की पुन्हा लांबते. मावशीकडे शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी पहिला धडा हाच असे, की कापड आधी भिजवा, वाळवा, मग कात्री लावा. कितीक पोरींच्या डोक्यात टपल्या मारून तिने हे भिनवलं होतं. आणि स्वतः ओल्या दोरीवर चाळीस छतं कापून बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या दिव्याखाली ती एकतीस वर्षं ऐटीत बसली होती, आणि दोरी डोक्यावरच टांगलेली होती.

लेक जवळ येऊन बसली. आई इतका वेळ गप्प बसलेली तिने कधी पाहिली नव्हती. बोटीत तोंड बंद ठेव म्हणून हिला किती वेळा कोपर मारलं, ते तिला आठवलं आणि आता वाटलं, हिने काहीतरी बोलावं.

"मग तुम्ही कळवलं का नाही?" लेकीनेच विचारलं.

"कळवून?" राखणदार फरशीवर उकिडवा बसला. "हंगामाला नऊ दिवस होते. पहिल्यांदा वाटलं, दोरीनं ओढून बांधू. पण कड खांबाला लागून बसली नाही की कापड फडफडतं. एक छत तसं लावून बघितलं, तर दुसऱ्या दिवशी कडी निघाली. मग वाटलं, उसवून जोड देऊ. साहेब म्हणाले, कुणाकडूनही द्या. मी एक छत मांडीवर घेतलं, ब्लेड घेतलं..." तो थांबला. "ताई, तो टाका बघितला आणि ब्लेड ठेवून दिलं. असलं काम उसवायचा धीर होईना. त्यापेक्षा दगड फोडणं सोपं वाटलं."

"चाळीस छतांचे एक्केचाळीस खांब?" मावशीने विचारलं.

"एक्केचाळीस. आम्ही चौघं होतो. नऊ दिवसांत भोकं पाडली, खांब आत घेतले, जुनी भोकं बुजवली. आठव्या दिवशी तुमच्या नावानं बोटं मोडत होतो, खोटं कशाला बोलू. पण नवव्या दिवशी छतं लागली. आणि काय बसलीत म्हणता! तबल्यासारखी."

"आणि नंतर? एकतीस वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं," मावशी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण खालच्या पट्टीतला.

"सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी तुम्ही बरोबर मापाची पाठवली असती. मग खांब परत कुणी हलवायचे?"

लेकीला हसू आवरेना. मावशीने तिच्याकडे डोळे वटारले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. लाज आणि आणखी काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलटून पालटून येत होतं. आपण चुकलो, हे गिळायला कठीण होतं. पण चौघा गड्यांनी आपला टाका उसवण्यापेक्षा दगड फोडला, हे त्याहून मोठं होतं, आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"एका अर्थी तुम्ही आलात ते बरंच झालं," राखणदार म्हणाला. "कारखान्यातली छतं मागच्या आठवड्यात आलीत. दोन लावून बघितली. झोळी होते."

"म्हणजे?"

"त्यांनी ऑफिसातल्या नकाशावरून शिवली. नकाशावर खांब अजून जुन्याच जागी आहेत. नकाशात कोण बदल करणार? मी काही बोललो नव्हतो. आता ऑफिसनं विचारलंय, चूक कापडाची की खांबांची. उद्याच्या बोटीनं लिहून द्यायचंय." त्याने वरच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मी लिहिणार आहे, कापडाची. त्यात खोटं काय? उभ्या खांबांना बसत नाही म्हणजे चुकलंच. जाईल सगळं परत. आणि तुमची आहेत ती राहतील वर."

लेकीने आईकडे पाहिलं. हीच तर आईची इच्छा होती, न बोललेली. आपली छतं वर राहावीत. त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागला नव्हता, एक ओळ लिहायची होती, तीही दुसऱ्याने. मोह कुणाला होत नाही? मावशीलाही झाला. तिने दोरीची गाठ अंगठ्याने दोनतीनदा चोळली.

"नवं कापड दाखवा," ती म्हणाली.

राखणदाराने कोठीचं दार पुरतं उघडलं. आत एका भिंतीला कारखान्याची नवी कोरी छतं पुठ्ठ्याच्या खोक्यांत होती, दुसऱ्या भिंतीला मावशीची, घडी घालून, दोरीने बांधून. नेहमीप्रमाणे फाटल्या जागी लाल दोरे बांधलेले. पाठवायची नाहीत हे ठाऊक असूनही त्याने ते बांधले होते. मावशीने ते पाहिलं, पण ती आधी नव्यांकडे गेली. खोक्यातलं छत ओढून तिने कड दोन बोटांत धरली, उलटी केली, टिपेवरून नख ओढलं, कडीभोवतीचा टाका डोळ्यांजवळ नेला. कुठे खोट सापडते का ते ती मनापासून शोधत होती, आणि तिला ती सापडत नव्हती. दुहेरी टीप, सरळ रेघ, कापडही दमदार.

"चांगलं शिवलंय हो," ती शेवटी म्हणाली. हे म्हणणं तिला किती जड गेलं ते तिचं तिला ठाऊक.

"असेल. पण बसत नाही ना?"

"बसत नाही ते माझ्यामुळे." मावशीने छत घडीवर घडी घालून परत खोक्यात ठेवलं. "लिहा कागदावर. कापड बरोबर आहे. खांब वीतभर आत आहेत. का आहेत तेही लिहा. पहिलं माप शिवणवालीनं ओल्या दोरीवर घेतलं."

"आई!"

"गप्प. कुणीतरी नीट काम केलंय आणि त्याच्या कपाळावर चुकलं म्हणून शिक्का मारायचा? तसली सावली मला नको." मग ती राखणदाराकडे वळली. "लिहून झालं की त्याखाली आणखी एक ओळ लिहा. कापड छोटं असलं तर पंचाईत. मोठं असलं तर शिवणवालीला कसली चिंता? चाळीसच्या चाळीस माझ्याकडे पाठवा. हंगामाच्या आत वीतभर आत घेऊन देते."

राखणदार डोकं खाजवत राहिला. "पण साहेब म्हणाले, खांबच परत बाहेर घ्या, तर?"

"त्यांना सांगा, माझ्यापायी एकदा हलले तेवढे पुरे. आता त्यांना उभं राहू दे. त्यांचंही वय झालं."

राखणदाराने भिंतीला कागद टेकवून तिथल्या तिथे लिहिलं. मावशीने प्रत्येक ओळ लेकीकडून वाचून घेतली. 'ओल्या दोरीवर' हे शब्द लेकीने वाचले तेव्हा मावशीने एकदा मान खाली घातली आणि लगेच वर केली. मग दोरी पिशवीत न ठेवता तिने राखणदाराच्या हातात दिली.

"ही घ्या. हुकाला टांगून ठेवा. वाळलेलीच."

"आणि हे?" त्याने तिच्या जुन्या गठ्ठ्यांकडे हात केला.

"त्यातलं एक लावा. तेवढं बघते नि जाते."

दोन शिड्या आल्या. राखणदार खांबाकडे चढला, भिंतीकडच्या शिडीवर लेक. मावशी खालून सूचना सोडत होती. "तिकडून नाही, कड्यांची बाजू भिंतीकडे! ओढ, ओढ जरा, फाटणार नाही ते." शेवटची कडी हुकात बसली आणि छत ताणून उभं राहिलं. राखणदाराने खालून टिचकी मारली. टण्ण् वाजलं.

मावशी त्याच्याखाली गेली आणि तिने मान वर केली.

एकतीस वर्षं तिने ही छतं जमिनीवर पाहिली होती, मांडीवर पाहिली होती, सुईखालून सरकताना पाहिली होती. खालून, उजेडात, कधीच नाही. वरून ऊन कापडातून झिरपत होतं आणि त्यात तिचं सगळं काम दिसत होतं. अमुक वर्षीच्या वादळातलं ते लांब रफू. कोपऱ्यातलं ठिगळ, थोरल्या मुलाच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून घातलेलं. टाक्याटाक्यातून टाचणीच्या टोकाएवढा उजेड. अभिमानाने तिचा ऊर असा भरून आला की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. दुसऱ्या कुणी न सांगता, न दाखवता, तिला स्वतःला दिसत होतं, की हे चांगलं झालं आहे.

लेक शिडीवरून उतरून शेजारी उभी राहिली. एक्स-रे दिव्यासमोर धरून बघावा तशी तीही वर बघत होती.

"कुठं कुठं सांधलंय ते सगळं दिसतंय गं," ती हळूच म्हणाली. "आणि एकही सांधा सरकलेला नाही."

ऊन चढत होतं. सगळ्या लांबच्या लांब रस्त्यावर सावलीचा एवढा एकच चौकोन होता. डोक्यावर वर्तमानपत्र धरलेले टकले गृहस्थ बेटाला एक फेरी मारून परत येत होते. त्यांनी तो चौकोन लांबूनच हेरला, सरळ आत आले, खांबाशेजारच्या बाकाच्या समुद्राकडच्या कडेला बसले आणि हुश्श केलं. मग त्यांनी वर बघितलं.

"हे मघाशी नव्हतं."

बोटीत पाच जणांना सांगून झालेली गोष्ट मावशीच्या ओठांवर आली नाही. बोलली ती लेक. सकाळपासून जिने आईला कोपरं मारली होती, ती मोठ्याने, धक्क्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या आईनं शिवलंय हे. असली चाळीस आहेत."

गृहस्थांनी मान डोलावली आणि पाय पसरले. बाक जुन्या मापाने बसवलेलं होतं. त्यांचे गुडघे सावलीच्या बाहेर होते, उन्हात. मावशीने ते पाहिलं.

"जरा आत सरका," ती म्हणाली. "वीतभर कमी आहे ते. माझ्या हातून."

गृहस्थ वीतभर आत सरकले.